डायव्हरची जागा दाखवणारा फुगा प्रत्येकाकडे हवा की फक्त डाइव्ह मास्टरकडे (गटाला खाली नेणाऱ्याकडे)?

खारेदाणे

फेब्रुवारीत हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) आम्ही सहाजण डाइव्हिंगला गेलो होतो. शेवटच्या दिवशी दुसऱ्या डाइव्हला खाली पाण्याचा करंट वाढला आणि मी नि माझा बडी (डाइव्हचा जोडीदार) गटापासून सुटलो. शिकवल्याप्रमाणे मिनिटभर शोधलं, पाच मीटरवर सुरक्षेसाठी तीन मिनिटं थांबलो, वर आलो. बोट समोर दिसत होती. आम्हाला ती दिसत होती, तिला आम्ही दिसत नव्हतो. काळा वेटसूट, काळं बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट), पाण्याबाहेर फक्त दोन डोकी, आणि बोटीवरचे सगळे बघतायत दुसरीकडे, कारण गटातला एकमेव फुगा डाइव्ह मास्टरकडे होता आणि तो तिकडे वर आला होता.

ओरडून घसा बसला. मग बडीने पायातला पिवळा फिन काढून हात उंच करून हलवायला सुरुवात केली. पंचवीस मिनिटांनी कुणाची तरी मान वळली. एक नॉटचा करंट म्हणजे मिनिटाला साधारण 31 मीटर. पंचवीस मिनिटांत पाऊण किलोमीटर झाला की!

परत आल्यावर पहिलं काम केलं ते केशरी फुगा घेण्याचं. (त्याचं खरं नाव डिप्लॉयेबल सरफेस मार्कर बॉय. ते म्हणेपर्यंत माणूस दोन मीटर वाहून जातो, म्हणून फुगाच म्हणतो.) सोबत शिट्टी आणि तळहाताएवढा आरसा. माझं मत असं की या तीन वस्तू अंगावर नसतील तर त्या माणसाला बोटीवरून उतरूच देऊ नये, मग तो कितीही पट्टीचा पोहणारा असो.

जुना पाणबुड्या

सुखरूप आलात, छान. पण मत पटलं नाही.

एक, नवशिक्याच्या हातात रील (दोरीची गुंडाळी) आणि फुगा म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. खालून फुगा सोडताना दोरी बोटाला गुंडाळली जाते, रील अडकते, आणि माणूस फुग्यासकट वर. दहा मीटरवर भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. फुग्यातली सुटेल व्हॉल्व्हमधून, श्वास धरून ठेवलेल्या माणसाच्या फुप्फुसाला व्हॉल्व्ह नसतो. एका गृहस्थाने फुगा हातात धरायचा सोडून बीसीडीला अडकवला आणि भरला, तेव्हा मी बाजूला होतो. त्याचा पाय धरून ठेवला म्हणून निभावलं.

दोन, ही बोटवाल्याची जबाबदारी आहे. 25 जानेवारी 1998 ला ऑस्ट्रेलियात सेंट क्रिस्पिन रीफवर टॉम आणि आयलीन लोनर्गन हे जोडपं मागे राहिलं. डोकी चुकीची मोजली, बोट निघून गेली, दोघं नाहीत हे लक्षात यायला दोन दिवस गेले. त्यांच्याकडे दहा फुगे असते तरी बघायला होतं कोण? तेव्हा ग्राहकाला खरेदीला पाठवण्याआधी मोजणी सुधारा.

खारेदाणे

खालून सोडा असं मी कुठे म्हटलंय? वर या, बीसीडीत हवा भरा, मग फुगा काढून तोंडाने फुगवा. त्याला रील लागत नाही. सहा फुटांची केशरी नळी उभी राहते, बस्स. पाण्याखालून सोडणं ही शिकण्याची गोष्ट आहे, मान्य.

आणि लोनर्गन दांपत्याचंच म्हणाल, तर महिन्यांनंतर त्यांची पाण्याखाली लिहायची पाटी सापडली, दुसऱ्या दिवशी सकाळी मदत मागणारा मजकूर लिहिलेली. म्हणजे रात्र काढून ते जिवंत होते. पुढे शोधासाठी विमानं आली ती उशिरा, पण पहिल्याच दिवशी तिकडून एखादी बोट गेली असती तर आरसा कामाला आला असता. उन्हात आरशाची तिरीप काही मैलांवरून दिसते. जुनी सीडीसुद्धा चालते, मधल्या भोकातून नेम धरायचा.

एमएच०७

मी डायवर नाय, बोटीर आसतंय. तुमी खाली काय करतास ता माका ठावक नाय, वर काय दिसता ता सांगतंय. सकाळी पाणी तेलासारखा सपाट आसता तेव्हा नारळ वाहान गेलो तरी दिसता. दुपारी वारो सुटलो की पाणी पांढरा होता, मगे टकली खंय आणि लाट खंय कळणा नाय. सूर्य समोर आसलो तर इचारूच नकात. शिट्टी? इंजिन चालू आसताना बाजूक बसलेल्याचा बोलणा ऐकाक येणा नाय, तुमची शिट्टी खंयची येतली! फुगो मात्र दिसता. तेवढो घ्या.

शनिवार-रविवार

तारकर्लीला पंधरा मिनिटं खाली नेतात, सात-आठ मीटर, आणि प्रशिक्षक पूर्णवेळ धरून असतो. त्या पर्यटकालाही आरसा द्यायचा का? केस विंचरायला?

खारेदाणे

नाही हो. धागा प्रमाणपत्रवाल्यांसाठी आहे. तिथे त्या माणसाने लाइफ जॅकेट बोटीवर चढतानाच घातलं तरी पुष्कळ.

लाटांचा हिशेब

फुगा-आरसा वाद जुना झाला. बीकन घ्या. 406 मेगाहर्ट्झचा पीएलबी (अंगावर बाळगायचा बीकन) शोध-बचावाच्या कोस्पास-सारसॅट उपग्रहांना सिग्नल देतो. मात्र डाइव्हिंगसाठी घेताना खोलीची मर्यादा बघा, बहुतेकांना जलरोधक डबी वेगळी लागते. आणि भारतात आधी नोंदणी. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र परवान्याशिवाय बॅगेत ठेवून विमानतळावर गेलात, तर समुद्राऐवजी पोलीस चौकीत अडकाल.

बाकी तटरक्षक दलाचा 1554 नंबर बोटीच्या केबिनमध्ये लिहिलेला आहे का, एवढं निघण्याआधी बघा.

जुना पाणबुड्या

एमएच०७ म्हणतात ते ऐकून शिट्टीवर तुम्ही काय म्हणाल? माझं आपलं असं की ती बोटीसाठी नाहीच, बडीसाठी आहे. रात्री दोघं एकमेकांपासून सुटलात तर.

फुग्याबद्दल अर्धं मागे घेतो. 2014 मध्ये बालीजवळ नुसा लेंबोंगानला सात जपानी डायव्हर स्त्रिया वाहून गेल्या. तिथे बोट मागोमाग होती, अचानक आलेल्या पावसात त्या दिसेनाशा झाल्या. पाचजणी तीन दिवसांनी जिवंत सापडल्या. अशा ठिकाणी मोजणी अचूक असून उपयोग नाही, हे खरं. पण सक्तीला विरोध कायम. सक्ती केली की दुकानदार तीस रुपयांची पिशवी तीन हजारांना विकणार, लोक ती बीसीडीच्या खिशात घडी करून ठेवणार, आणि वेळ आल्यावर घडी चिकटलेली निघणार.

खारेदाणे

घडीचं बरोबर आहे. माझी आत्ताच उघडून बघितली. तोंड लावायची नळी मिठाने बंद झालीय. गोड्या पाण्यात घातली आहे.