सल्ला हवा: स्वतंत्र कलाकारांचे अल्बम नेटवर शोधायचे कसे, विकत घ्यायचे कसे?

तरफ_तेरा (मिरज):
रागाच्या अंगाने जाणारं, पण मैफलीचं रेकॉर्डिंग नसलेलं संथ काहीतरी हवंय. गाण्याचे बोल नकोत. मोठ्या ॲपवर 'सितार' टाकलं की योगासनांचं दहा तासांचं दळण सुरू होतं. (मिरजेत राहून सतार नेटवर शोधतोय, हसायचं ते हसून घ्या.) बजेट महिना ५०० रुपये. ऐकणार पुण्याच्या एसटीत मोबाइलवर, नाहीतर गाडीच्या स्टिरिओवर.

कृष्णाकाठ:
बँडकॅम्प, म्हणजे कलाकार आपले अल्बम थेट विकतात ती साइट. पण तिथंही नुसता 'सितार' टॅग नको. 'ड्रोन' (तंबोऱ्यासारखा सलग लांबलेला सूर), 'राग', 'मॉड्युलर सिंथ' (सुटे भाग तारांनी जोडून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य) असं आडून जा. खरी युक्ती वेगळीच आहे. एखादा अल्बम आवडला की त्याच्या पानावर, कव्हरच्या खाली, विकत घेणाऱ्यांचे छोटे छोटे फोटो दिसतात. फोटोवर टिचकी मारली की त्या माणसाचा सगळा संग्रह उघडतो. ज्याच्याकडे तुमच्या आवडीचे तीन अल्बम निघतील, त्याला फॉलो करा. कुठल्याही शिफारस-यंत्रापेक्षा असा एक माणूस बरा. लेबलचं, म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपनीचं नावही बघून ठेवा, एकाच लेबलचे अल्बम बरेचदा एका चवीचे असतात.

एक लक्षात ठेवा, पानावर ऐकू येतं ते १२८ केबीपीएस एमपीथ्री, म्हणजे बरंच दाबून लहान केलेला आवाज. तंबोऱ्याची जवारी (तारेची ती गुंजणारी झणक) त्यात बोथट होते, तेवढ्यावरून आवाजाला नावं ठेवू नका.

तरफ_तेरा:
नाव सांगा की एखादं.

कृष्णाकाठ:
अरुषी जैन, 'अंडर द लायलॅक स्काय' (२०२१). मॉड्युलर सिंथवर मावळतीच्या वेळेचे राग. गळा आहे, पण आलापीसारखा. पुढचा 'डिलाइट' (२०२४) बागेश्रीवर आहे. पहिल्यापासून सुरुवात करा.

गणपती_पेठ:
पैसे भरताना अडकाल म्हणून आधीच सांगतो. कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्ड घ्या आणि बँकेच्या ॲपमध्ये जाऊन 'इंटरनॅशनल' व्यवहार सुरू करा. नव्या कार्डांवर तो मुळात बंदच असतो. काम झालं की परत बंद करा.

दुसरी गोची भारतीय कलाकारांची. बँडकॅम्पवर कलाकाराला पैसे पेपॅल या ऑनलाइन पेमेंट सेवेतून जातात, आणि पेपॅलने भारतातल्या भारतात पैसे पाठवायची सोय १ एप्रिल २०२१ पासून बंद केली. त्यामुळे कलाकाराचं खातं भारतातलं आणि घेणाराही इथलाच असला की व्यवहार फसतो. मग कार्डं बदलत बसू नका. पानावरच्या संपर्कातून कलाकाराला विचारा: यूपीआयने पैसे देतो, डाउनलोड कोड द्याल का? बँडकॅम्पवर कलाकाराला असे कोड काढता येतात. वर सुचवलेले दोन्ही अल्बम लॉस एंजेलिसच्या लेबलचे आहेत, तिथं हा घोळ नाही.

बजेटचं म्हणाल तर सात डॉलरचा अल्बम सहाशेच्या घरात जातो, वर बँकेचा परकीय चलनाचा आकार आणि त्यावर जीएसटी. म्हणजे दोन महिन्यांत एक धरा. मधल्या काळात 'नेम युअर प्राइस' लिहिलेले अल्बम बघा. किमान किंमत लावलेली नसेल तर तिथं शून्यही चालतो, पण पन्नास-शंभर टाका हो.

वारणा९:
'बँडकॅम्प फ्रायडे' बघून घ्या. त्या दिवशी डिजिटल विक्रीवरचा नेहमीचा १५ टक्के हिस्सा साइट सोडते. वेळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबारा (त्यांच्या हिवाळ्यात दीड) ते शनिवारी तेवढेच वाजेपर्यंत. दर महिन्याला नसतो, तारखा आधी जाहीर होतात.

पेनड्राइव्ह_मामा:
डाउनलोडला फ्लॅक निवडा, त्यात आवाजाचा काहीही भाग गाळला जात नाही. ४० मिनिटांचा अल्बम साधारण २००-२५० एमबी. ३२० केबीपीएसचं एमपीथ्री असेल तर ९६ एमबी. झिप मोबाइलवर उलगडून व्हीएलसीत वाजवा, एसटीत रेंज गेली तरी अडत नाही. ड्रोनच्या अल्बमला एमपीथ्री शक्यतो टाळाच: फाइलच्या दोन्ही टोकांना बारीक शांतता चिकटते आणि दोन ट्रॅक जोडलेले असले की सूर मध्येच तुटतो.

गाडीचा स्टिरिओ फ्लॅक वाचत नसेल तर मात्र नाइलाज, तिथं एमपीथ्रीच. पेनड्राइव्ह फॉरमॅट करताना फॅट३२ हा प्रकार निवडा, एक्सफॅट हा दुसरा प्रकार बरेच स्टिरिओ ओळखतच नाहीत.

तरफ_तेरा:
मामा, मागं एका अल्बमचा पाचवा ट्रॅक आधी वाजत होता. नावात ०१, ०२ सगळं होतं.

पेनड्राइव्ह_मामा:
काही स्टिरिओ नाव बघत नाहीत, फाइल ज्या क्रमाने कॉपी झाली त्या क्रमाने वाजवतात. फोल्डर रिकामा करा आणि एक-एक फाइल क्रमाने टाका.