मदत हवी आहे: घरच्या ग्रुपवर चुकीचा फॉरवर्ड खोडायचा, पण माणूस दुखवायचा नाही. कसं जमवता?

नमस्कार मंडळी,

आमचा काका, आत्या, चुलत-आते भावंडं असा सगळ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. एरवी वाढदिवस, फोटो, कुणाचा निकाल, कुणाची तब्येत असं छान चालू असतं. मध्यंतरी थोरल्या काकांनी एक फॉरवर्ड टाकला. 'बीपीच्या गोळ्या आजच बंद करा, रोज सकाळी हा रस घ्या, बीपी कायमचं नॉर्मल.' वर दोन बाणांचं चिन्ह, म्हणजे कितीतरी हातांतून फिरून आलेला. ग्रुपवर बीपीच्या गोळ्या घेणारी बरीच मंडळी आहेत. आत्याने तर लगेच लिहिलं, "उद्यापासून सुरू करते."

ते वाचून मी घाबरले आणि लिहिलं, "काका, ही माहिती चुकीची आहे. डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करणं धोक्याचं असतं, काही गोळ्या अचानक सोडल्या तर दाब एकदम उसळतो. असे मेसेज तपासून टाकत जा."

चुलत भावंडांनी त्यावर पटापट अंगठे दिले. काकांचं उत्तर आलं, "बरं." बस्स, एवढंच. त्या दिवसापासून काका ग्रुपवर गप्प आहेत. सगळं वाचतात, निळ्या खुणा दिसतात, पण सकाळचा मेसेजसुद्धा नाही. काकू आईला फोनवर म्हणाल्या, "मुलं आता आम्हाला शिकवायला लागली."

मला अशा वेळी गप्प बसायचं नाहीये, हे आधीच सांगते. उद्या कुणी खरंच गोळ्या सोडल्या तर? पण काकाही मला हवे आहेत, लहानपणापासून माझ्यावर त्यांचा फार जीव आहे. अशा वेळी ग्रुपवर लिहावं की खाजगीत? शब्द कसे निवडावेत? आणि आता ही अढी कशी काढू? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

तुमचा मेसेज पुन्हा वाचला. पहिली दोन वाक्यं गोळ्यांबद्दल आहेत, तिसरं काकांबद्दल. "तपासून टाकत जा" हे चारचौघांत थोरल्या माणसाला झोंबतं, मग आधीचं कितीही खरं असो. त्यात भावंडांचे अंगठे! तुम्हाला तो पाठिंबा वाटला असेल, काकांना मात्र प्रत्येक अंगठा आपल्याविरुद्धचं मत वाटला असणार.

मी अशा वेळी काकांना उत्तर देतच नाही, ज्याला धोका आहे त्याच्याशी बोलतो. "आत्या, गोळ्या बंद करू नकोस हं, आधी डॉक्टरांना विचार, मी येऊ का सोबत?" सगळ्यांना माहिती पोचते आणि कुणाचं नाव घेऊन चूक काढावी लागत नाही. काकांशी जे बोलायचं ते फोनवर.

प्रतिसाद २

फोनला माझंही अनुमोदन. "बरं" या एका शब्दावरून राग ठरवू नका, कदाचित ते नुसतं 'ठीक आहे' असेल. लिहिलेल्यात सूर हरवतो. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी 2005 साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. ईमेल लिहिणाऱ्यांना खात्री होती की आपण उपरोधाने बोलतोय की मनापासून, हे समोरच्याला कळेलच. वाचणाऱ्यांचे अंदाज प्रत्यक्षात नुसत्या अंदाजपंचेपेक्षा फारसे बरे निघाले नाहीत. तेच आवाजात ऐकवलं तेव्हा बरंच नीट कळलं. हे तुमच्या मेसेजलाही लागू आहे. तुम्ही काळजीने लिहिलंत, पण त्यांनी तो मनातल्या मनात कुठल्या आवाजात वाचला कोण जाणे.

निळ्या खुणांवरूनही काही ठरवू नका. स्वतःच्या खुणा बंद करून ठेवल्या तरी ग्रुपमध्ये त्या दिसतातच, त्यामुळे "वाचलं आणि मुद्दाम उत्तर दिलं नाही" हा निष्कर्ष फार सहज निघतो.

प्रतिसाद ३

थोडं वेगळं मत. नुसतं खाजगीत सांगून भागत नाही. मेसेज सगळ्यांनी वाचलाय, तर दुरुस्तीही सगळ्यांसमोर आणि लवकर यायला हवी, औषधांच्या बाबतीत तर नक्कीच. धागाकर्तीने लिहिलं ते योग्यच केलं.

मात्र अ‍ॅडमिनला सांगून तो मेसेज उडवू नका. अ‍ॅडमिनने उडवला की तसं ग्रुपवर दिसतं आणि अपमान कायमचा टांगून राहतो. फोनवर बोलणं झालं की काकांनाच विनंती करा की तुम्हीच लिहा, 'गोळ्यांबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.' आमच्या सासऱ्यांच्या बाबतीत हेच चाललं. त्यांनी स्वतः लिहिलं, तेव्हा त्यांच्या वयाच्या लोकांनी ऐकलं. आमचं कुणी ऐकलं नसतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्याला लगेच फोन केला, तिच्या गोळ्या चालू आहेत, जीव भांड्यात पडला. काकांना उद्या सकाळी फोन करते. त्यांच्या फॉरवर्डचा विषय आधी काढणार नाही, तब्येत विचारेन, मग त्यांच्याच गोळ्यांबद्दल बोलेन. तेही बीपीचे पेशंट आहेत आणि त्या रसावर त्यांचा स्वतःचा विश्वास बसलाय का, हे मी अजून विचारलेलंच नाही.

एक गोष्ट मात्र सुटत नाहीये. भावंडांच्या अंगठ्यांचं काय करू? तो मेसेज अजून तसाच दिसतोय, अंगठ्यांसकट. त्यांना अंगठे काढायला सांगितलं तर उगाच चर्चा होईल, आणि ठेवले तर काकांना दर वेळी वर सरकवताना तेच दिसणार. कुणी असा प्रसंग निभावला आहे का?