मुंबई ते बसरा, १९१४ : मराठा पलटणीचा प्रवास फलकावर कसा दाखवावा?

नौपाडा_नकाशे :
ठाण्यात नौपाड्यातल्या वाचनालयात पहिल्या महायुद्धातल्या मराठा पलटणींवर छोटं प्रदर्शन आहे. ११७व्या पलटणीच्या शिपायाचा प्रवास दाखवायला सध्या मुंबईपासून बसऱ्यापर्यंत (आजच्या इराकमधलं बंदर) एकच सरळ बाण काढलाय. तारखा कोणत्या घालू? ‘बसऱ्याच्या धक्क्यावर उतरले’ हे वाक्य बरोबर आहे का?

तांडेल :
नाही, वाक्य काढा. बाणही बहारीनला तोडा. ही पलटण १६व्या ब्रिगेडमध्ये होती. ब्रिगेड १६ ऑक्टोबर १९१४ला मुंबईहून निघाली, २३ला बहारीनला पोहोचली आणि बोटींवरच थांबून राहिली, कारण तुर्कस्तानशी युद्ध अजून जाहीर झालेलं नव्हतं. ते ५ नोव्हेंबरला झालं. ६ला बसऱ्याकडे जाणाऱ्या शत्त-अल-अरब नदीच्या मुखाशी असलेलं फाव घेतलं, मग नदीतून वर जाऊन सानियाला माणसं उतरवली. १७ला साहिलची लढाई पावसाच्या चिखलात झाली, २२ला बसरा हाती आलं. म्हणजे पलटण आधी लढली, बसऱ्यात नंतर शिरली. फलकावर हा क्रम दिसायलाच हवा.

पडाववाला :
धक्क्याबद्दल थोडं. मोठ्या बोटींना लागेल असा धक्का बसऱ्याला तेव्हा नव्हताच. नदीच्या मुखाशी गाळाचा उंचवटा आहे, म्हणून खोल बुडाच्या बोटींना आधी माल हलका करावा लागे. पुढे बसऱ्यासमोर बोट मधल्या पात्रात नांगर टाकी आणि माणसं, खेचरं, दारूगोळा सगळं महेल्यांतून काठावर जाई. महेला म्हणजे अरबांचं शिडाचं गलबत, आपल्या बंदरातल्या पडावाचंच (बोट आणि काठ यांच्यात माल ने-आण करणाऱ्या होडीचं) काम करणारं. बसऱ्याजवळच्या मगीलचे धक्के नंतर बांधले.

१९१५-१६ दाखवणार असाल तर खरी गोष्ट इथून पुढची आहे. बसऱ्याहून वर जायला तैग्रिस नदीवर चाकाच्या आगबोटी, दोन्ही अंगांना बांधलेले पडाव. कुर्ना ते अमारा या टप्प्यात पात्र अरुंद आणि वळणं आवळलेली, त्यामुळे समोरासमोर आलेल्या बोटींपैकी एकीला काठाला लागावं लागे. पाणी उतरलं की रुतायच्या. उथळ बुडाच्या बोटी पुरेशा नव्हत्या, म्हणून बसऱ्यात फौज आणि सामान साचलं आणि कूतमध्ये तुर्कांच्या वेढ्यात अडकलेल्या आपल्या फौजेपर्यंत वेळेवर पोहोचलं नाही. कूत २९ एप्रिल १९१६ला पडलं. सुटकेसाठी निघालेल्या फौजेचे हे हाल शौर्य कमी पडल्यामुळे झाले नाहीत, हे ठळक अक्षरात लिहा.

बिल्ला_क्रमांक :
नावही तपासा. १९१४मध्ये ‘लाइट इन्फंट्री’ हा मान १०३, १०५ आणि ११० या मराठा पलटणींना होता. ११७वी नुसती ‘११७वी मराठा’. १९२२च्या फेररचनेत ती ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची ५वी बटालियन झाली.

मृतांची नावं घालायची असतील तर बसरा स्मारकाच्या फोटोवर विसंबू नका. साध्या भारतीय शिपायांची नावं तिथे कोरलेली नाहीत, पलटणवार फक्त आकडा आहे. नावं राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या नोंदींत शोधा. आडनाव बहुधा नसतं आणि स्पेलिंग कसंही असतं, म्हणून पलटण आणि शिपायाचा क्रमांक घालून शोधा. घरात पदक असेल तर दोन्ही त्यावरच मिळतात : ताऱ्याच्या आकाराचं पदक (स्टार) असेल तर पाठीवर, गोल पदक असेल तर कडेवर. ब्रासो लावून घासू नका, अक्षरं झिजतात.