घर बांधायचं मी, आणि जुनं शोधायचा खर्चही माझाच?

शॅननकाठी:
पश्चिम आयर्लंडात अर्ध्या एकराचा प्लॉट घेतला. बायको याच गावची, म्हणून परवानगी मिळाली तरी. पण सोबत अट आली: साठेक मीटरवर रिंगफोर्ट आहे, तेव्हा पाया घेण्याआधी परवानाधारक पुरातत्त्वज्ञाकडून चाचणीचे चर खणून अहवाल द्या.

फोर्ट म्हटल्यावर रायगड डोळ्यांसमोर आणू नका. मातीचा गोल बांध, बाहेर बुजत आलेला खंदक, आत काटेरी झाडं आणि शेजाऱ्याच्या गाई. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याचं राहतं घर. देशात असे ४५,००० च्या आसपास आहेत. दोन दिवस चर खणले, निघालं काय? जुनी मातीची पन्हाळी आणि निळ्या नक्षीच्या बशीचा तुकडा. बिल मात्र महिन्याच्या पगाराएवढं. इतिहास सगळ्यांचा, मग पैसे एकट्याने का भरायचे?

खापरी:
काही निघालं नाही म्हणजे सुटलात की! लोक राहायचे बांधाच्या आत, पण धान्य वाळवायच्या भट्ट्या, लोखंडाचं काम, कधी दफनंसुद्धा बाहेर सापडतात. वरून नुसतं गवत दिसतं. मी अशा खणणीवर काम केलंय. डिगरला बिनदाती बकेट लावून साय काढावी तशी वरची माती काढतात. खाली पिवळट मातीवर एखादा काळा डाग दिसतो, बोट लावलं की कोळसा लागतो. त्यात जळलेले जवाचे दाणे असतात; त्यांवरून भट्टीचा काळ काढता येतो. तुमचा पाया ते एका सकाळीत खाऊन टाकेल. जमीन उकरणार तुम्ही, तर भरायचंही तुम्हीच. यात अन्याय कसला?

सदू_सिव्हिल:
हे मोटरवे बांधणाऱ्याला सांगा. त्याच्या बजेटात ते खपून जातं, एका घराच्या कर्जात नाही. आणि हे बांध इतकी शतकं कायद्याने नाही, तर आत परी राहतात आणि हात लावला की कोपतात, या भीतीने टिकले. देवराईत कुऱ्हाड लावत नाहीत, तसंच. १९९९ मध्ये क्लेअर या पश्चिमेकडच्या परगण्यात लाटूनला रस्त्याच्या कामात परींचं झाड जाणार होतं. एडी लेनिहन या कथेकऱ्याने आवाज उठवला आणि झाड वाचलं. कुणाला बिल नाही आलं!

खापरी:
झाड दिसतं हो. जमिनीखालच्या भट्टीसाठी कोणता कथेकरी ओरडणार?

पेठकरीण:
शॅननकाठी, जरा इकडे बघा. माझ्या मामांचा वाडा शनिवारवाड्यापासून १०० मीटरच्या आत. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर नवं बांधकाम बंद, त्यापुढचे २०० मीटर परवानगी घेऊन. भिंतीला टेकू लावून राहतायत. ‘चर खणून दाखवा, मग बांधा’ असं कुणी म्हटलं असतं तर मामांनी फावडं स्वतः हातात घेतलं असतं.

शॅननकाठी:
मामांचं ऐकून गप्प बसलो होतो. तो बशीचा तुकडा सासूबाईंनी धुऊन खिडकीत ठेवलाय, आजीकडे अशाच बश्या होत्या म्हणे. पण आज पत्र आलं: पाया खणतानाही पुरातत्त्वज्ञ शेजारी उभा हवा. त्याचेही पैसे माझेच का?

खापरी:
हो. आणि त्याला चहाही द्या, तिथे पाऊस थांबत नाही.