हिरोशिमाचं संग्रहालय लहान मुलीला दाखवावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. एप्रिलमध्ये आईबाबा आणि आठ वर्षांच्या लेकीसोबत हिरोशिमाच्या शांती स्मारक उद्यानात जायचं ठरतंय.

उद्यानाची चिंता नाही. नदीकाठ आहे, झाडं आहेत, शांतपणे बसता येईल. सादाको सासाकीची गोष्टही लेकीला सांगितली आहे: बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती, आजारपणात कागदी करकोचे घडवत राहिली, १९५५ मध्ये ल्युकेमियाने गेली आणि तिच्या वर्गमित्रांच्या पुढाकारातून १९५८ मध्ये मुलांचं स्मारक उभं राहिलं. तेव्हापासून लेक कागदी करकोचे करतेय. मानेची घडी नीट बसेपर्यंत उठत नाही!

अडतंय ते संग्रहालयापाशी. तिथे जळालेली तिचाकी सायकल आहे, एका शाळकरी मुलाचा डबा आहे, आत कोळसा झालेलं जेवण. मला वाटतं मुलांपासून हे लपवू नये, पण या वयात झेपेल का? ज्यांनी मुलांना नेलंय त्यांनी आधी काय सांगितलं होतं? की एकाने मुलांसोबत बाहेर थांबावं?

शिवाय बाबांचे गुडघे दुखतात. व्हीलचेअर तिथे मिळते की सोबत न्यावी? आणि करकोचे स्मारकापाशी स्वतः ठेवू देतात का?