‘एम्ब्रिटलमेंट’ला मराठीत नेमकं काय म्हणावं?

प्रश्न : हायड्रोजनमुळे पोलादाचं काय होतं, यावर मराठीत लिहितो आहे. ‘एम्ब्रिटलमेंट’ला ‘कमकुवत होणे’ म्हणू की ‘ठिसूळपणा’?

उत्तर : ‘कमकुवत’ नकोच, त्यानं अर्थ बिघडतो. हायड्रोजन शिरलेलं पोलाद मऊ पडत नाही, त्याचं वाकणं जातं. ‘मोडेन पण वाकणार नाही’ हा बाणा माणसाला शोभतो, बोल्टच्या अंगी आला की घात होतो. 1875 साली डब्ल्यू. एच. जॉन्सन यांनी लोखंडी तार काही मिनिटं आम्लात ठेवली, म्हणजे तिच्यात हायड्रोजन शिरला. एरवी दोन-तीनदा उलटसुलट वाकवता येणारी तार एकदा वाकवताच मोडली. मोडलेलं टोक ओलं केलं तर त्यातून हायड्रोजनचे बुडबुडे फेसाळत आले. आणि तशीच ठेवली तर काही काळानं तार पूर्ववत झाली!

‘ठिसूळपणा’ जवळचा शब्द आहे, पण तो गुण झाला. बीड (ओतीव लोखंड) मुळातच ठिसूळ असतं. इथे चांगलं पोलाद हळूहळू तसं होतं. सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड पुलावर 2013 मध्ये 96 जाड सळया ताणून कसल्या. त्यातल्या 32 काही दिवसांत तुटल्या. कसताना तुटल्या नाहीत, नंतर तुटल्या. हायड्रोजनचे अणू जिथे ताण जास्त तिथे सरकत जमतात, त्याला वेळ लागतो. म्हणून चाचणीत खाच पाडलेला नमुना 200 तास ताणाखाली ठेवतात, किंवा अगदी सावकाश ओढतात. झटक्यात ओढला तर तो पास होऊन फसवेल. सिम्युलेशनमध्येही (संगणकावरच्या आभासी चाचणीत) हेच गणित असतं : ताण कुठे किती, आणि तिथे हायड्रोजन केव्हा किती पोचेल.

दुसरं उत्तर : मग ‘ठिसुळीकरण’? ‘खासगीकरण’ चालतं तर हेही चालावं.

पहिलं उत्तर देणारा : चालेल, पण ‘-करण’ म्हटलं की कुणीतरी मुद्दाम केल्यासारखं वाटतं. मराठीत आपसूक होणाऱ्या बदलाला ‘-आवणे’ आहे : सैलावणे, मंदावणे, स्थिरावणे. तसं ‘ठिसुळावणे’. ‘प्लेटिंगनंतर वेळेवर बेकिंग केलं नाही, तर बोल्ट ठिसुळावतो.’ (प्लेटिंग म्हणजे धातूचा मुलामा; त्यात शिरलेला हायड्रोजन बेकिंगनं, म्हणजे तापवून, बाहेर काढतात.) मोठ्यानं म्हणून बघा, वर्कशॉपमधल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही.

प्रश्नकर्ता : शीर्षकात ‘हायड्रोजननं पोलाद ठिसुळावतं तेव्हा’ असं घेतो. ‘सिम्युलेशन’ तसंच ठेवतो.