बेडूक-सापांवर संशोधन हेच करिअर करायचंय, पाटण तालुक्यातून सुरुवात कशी करावी?

हेळवाककर:

नमस्कार. मी टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय प्राणिशास्त्र, कॉलेज कराडला. पुढे उभयचर आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या संवर्धनावर संशोधन करायचं पक्कं आहे. इंटरनेटवर शोधलं की साप पकडण्याचे व्हिडिओ तरी येतात, नाहीतर परदेशी विद्यापीठांच्या जाहिराती. एम.एस्सी. कुठून करावी, वनखात्याची परवानगी कधी लागते, पीएच.डी. करताना हातात किती पैसे येतात, आणि या पावसाळ्यात मी स्वतः काय करू शकतो? सर्पमित्रांबरोबर फिरून साप पकडायला शिकलं तर पुढे उपयोग होतो का? जाणकारांनी सांगावं.

जांभाखडक:

आधी पैशांचं सांगतो, कारण घरी तोच प्रश्न विचारला जातो. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, त्यानंतर एसआरएफ (वरिष्ठ अधिछात्रवृत्ती) म्हणून ४२,००० आणि घरभाडं. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. जेआरएफला वयाची अट आहे, सर्वसाधारण गटाला ३० वर्षं. त्यामुळे "आधी दोन-तीन वर्षं जंगलात फिरतो, मग परीक्षा बघू" हा हिशेब अंगाशी येतो. जेआरएफ नाही मिळाली तर सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएच.डी.साठीच्या अधिछात्रवृत्ती आहेत. आपण कुठल्या गटात बसतो ते पाहून त्यांच्या जाहिरातींवर नजर ठेवायची.

परीक्षेचा पेपर लाइफ सायन्सेसचा, २०० गुणांचा. अ भागात २० पैकी १५ प्रश्न सोडवायचे, ब मध्ये ५० पैकी ३५, क मध्ये ७५ पैकी २५. क भागाचा एकेक प्रश्न ४ गुणांचा आणि चुकलं की त्याच्या पाव हिस्सा, म्हणजे १ गुण कापतात. अभ्यासक्रमात १३ घटक आहेत. फिल्डवर्कची आवड असलेली मुलं परिसंस्था, उत्क्रांती, वर्तन आणि जीवविविधता एवढंच वाचून जातात आणि तिथेच अडकतात. हे घटक पक्के कराच, पण आनुवंशिकी आणि तेरावा घटक, म्हणजे पद्धती आणि संख्याशास्त्र, सोडू नका. संख्याशास्त्र तर पुढे जन्मभर लागणार आहे.

एम.एस्सी.साठी देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरच्या एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) या संस्थेचा वन्यजीवशास्त्राचा अभ्यासक्रम हे दोन थेट रस्ते. जागा अगदी मोजक्या, आणि एनसीबीएसचे प्रवेश दर दोन वर्षांनीच निघतात, म्हणून तुमचं वर्ष आधी जुळवून बघा. नाही मिळाला तरी वाट बंद होत नाही. शिवाजी विद्यापीठातून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करा, फक्त प्रबंधाचा विषय प्रयोगशाळेतला घेऊ नका, फिल्डचा मागून घ्या. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणिसर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे आणि मुंबईत बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी). दोन्हीकडचे संग्रह बघायला रीतसर पत्र पाठवून जाता येतं. बाटलीतला नमुना हातात घेऊन खवले मोजायला शिकलेला विद्यार्थी मुलाखतीत लगेच ओळखू येतो.

नोकऱ्या कमी आहेत, हे घरच्यांना स्पष्ट सांगा. कॉलेजात सहायक प्राध्यापक (नेट किंवा सेट, म्हणजे राज्याची पात्रता परीक्षा, लागते), प्राणिसर्वेक्षण, संस्थांमधल्या मुदतीच्या प्रकल्पांतल्या जागा, पर्यावरण आघात अहवालांची कामं आणि एमपीएससीतून वनसेवा, एवढंच. यातली पहिली स्थिर नोकरी बहुतेकांना तिशीच्या आसपास लागते.

चाळकेवाडी_वारा:

परवानगीबद्दल. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दात पकडणं, सापळा लावणं हेही येतं. मारलं नाही म्हणून सुटका होत नाही. अनुसूचीतला, म्हणजे या कायद्याला जोडलेल्या संरक्षित प्राण्यांच्या यादीतला, प्राणी संशोधनासाठी पकडायचा तर कलम १२ खाली परवानगी हवी, आणि अनुसूची १ मधल्या प्राण्यासाठी राज्याला आधी केंद्राची मान्यता घ्यावी लागते. घोरपड, अजगर, मगर अनुसूची १ मध्येच आहेत. कोयना अभयारण्यात किंवा चांदोलीत संशोधनासाठी नुसतं शिरायलाही कलम २८ ची परवानगी लागते. अर्ज मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नागपूरला जातो. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत काम असेल तर कोल्हापूरच्या क्षेत्र संचालक कार्यालयाशी आधीच बोलून घ्या. अर्ज मार्गदर्शकाच्या आणि संस्थेच्या नावाने, प्रजातींची यादी, संख्या, पकडण्याची रीत, किती वेळ धरून ठेवणार, कुठे सोडणार हे सगळं लिहून. जूनचा पाऊस गाठायचा असेल तर दिवाळीलाच अर्ज गेलेला असावा. "सर्व उभयचर" असं मोघम लिहिलं की फाईल हमखास परत येते.

आता कामाच्या रीतीकडे. आपल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, पुस्तकातली निम्मी साधनं चालत नाहीत. बादल्या पुरून कडेने प्लास्टिकचं कुंपण घालायचं तंत्र सगळीकडे शिकवतात. जांभ्यावर खड्डाच होत नाही, आणि जिथे माती आहे तिथे पावसाळ्यात बादली तासाभरात भरून आत पडलेलं सगळं बुडतं. तळाला भोकं पाडली तरी खालून पाणी वर येतं, शिवाय मुंग्या लागतात. सड्यावर त्याऐवजी १० बाय १० मीटरचे चौकोन आखायचे आणि त्यातला प्रत्येक सुटा दगड उलटून बघायचा.

दगड उलटण्याचीही रीत आहे. दगडाची आपल्यापासून लांबची कड हुकने किंवा लांब दांड्याच्या खुरप्याने वर घ्यायची आणि दगड आपल्याकडे कलता करायचा, म्हणजे दगडाची ढाल आपल्या पायांपुढे राहते आणि आतला जीव पलीकडे निघतो. बोटं खाली घालायची नाहीत. फुरसं नेमकं तिथेच गुंडाळी करून बसलेलं असतं आणि मातीच्या रंगात दिसतही नाही. बघून झालं की दगड पूर्वीच्याच खाचेत, पूर्वीच्याच बाजूने बसवायचा. एक बोट फट राहिली तरी खालचा ओलावा वाऱ्याने उडून जातो आणि ती जागा पाली आणि देवगांडुळांच्या (गांडुळासारखे दिसणारे बिनपायाचे उभयचर) कामाची राहत नाही. रोज शेकडो पर्यटक फोटोसाठी दगड हलवतात त्या सड्यांची काय अवस्था होते, याचा अंदाज यावरून बांधा.

हे सगळं का करायचं, तर हे सडे म्हणजे मोकळी माळरानं नव्हेत. सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावरून सारडा सुपर्बा हा पंखगळ्या सरडा २०१६ मध्ये शास्त्रीय वर्णनात आला. त्याच पठारावर पवनचक्क्यांच्या परिणामांचा अभ्यास होऊन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी होते, त्यामुळे सरडे संख्येने वाढले, माणसाला जवळ येऊ द्यायला लागले, पण अंगाने बारीक झाले. नुसते सरडे मोजून कोणी "संख्या वाढली, सगळं ठीक" असा अहवाल दिला असता तर तो साफ चुकला असता. मोजणीबरोबर वजन आणि माणूस किती जवळ आल्यावर सरडा पळतो ते अंतर घेतलं म्हणून खरं कळलं.

कोयना टोडचंही तसंच. १९६३ मध्ये कोयनेच्या शिवसागर परिसरातून वर्णन झालेली ही प्रजाती आज धोक्यात आलेल्या प्रजातींत गणली जाते. पहिल्या पावसानंतर जांभ्यावर साचलेल्या उथळ पाण्यात ती अंडी घालते. ताटलीएवढं डबकं, पाणी बोटाच्या पेरभर, तळाला काळे ठिपके वळवळताना दिसतात. एका जीपचं चाक त्यातून गेलं की त्या डबक्यातली वर्षाची वीण संपली. संवर्धन म्हणजे इथे जूनमध्ये गाडी कुठे थांबवायची हे ठरवणं आहे.

भिलवडी_घाट:

सांगलीकडून थोडी भर घालतो. सगळ्यांना कोयना-चांदोलीच दिसतं. महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात माणला पाचशेच्या आसपास. जतही तसंच कोरडं. या पूर्वेकडच्या माळांवर काम करणारं माणूसच नाही, आणि माळ झपाट्याने नांगराखाली चाललेत. नवीन विद्यार्थ्याला स्वतःची जागा करायची असेल तर इकडे या.

दुसरं काम कृष्णेतल्या मगरींचं. भिलवडी, औदुंबर पट्ट्यात मगरी आहेत, काठावर ऊस आहे, मोटारी चालू करायला आणि धुणं धुवायला माणसं पाण्याशी जातात. मोजणी दोन प्रकारे होते. हिवाळ्यात सकाळी ऊन चढल्यावर काठावर ऊन खाणाऱ्या मगरी मोजायच्या, आणि रात्री होडीतून बॅटरी मारून चकाकणारे डोळे मोजायचे. रात्री लांबी सांगता येत नसेल तर तिथे 'फक्त डोळे' असंच लिहायचं. अंदाजाने 'आठ फुटी' लिहिलं की पुढच्या वर्षीची तुलना बिघडते. मादी उन्हाळ्याच्या तोंडाला काठाच्या वाळूत-मातीत खड्डा करून अंडी घालते, आणि पिल्लू नर होणार की मादी हे घरट्याच्या तापमानावर ठरतं. वाळूउपशाने काठ कापला गेला की मगर नाहीशी होत नाही, वीण थांबते. दहा-पंधरा वर्षं मोठ्या मगरी दिसत राहतात आणि लोकांना वाटतं सगळं बरं चाललंय. म्हणून मोजणीत लहान पिल्लांचा रकाना वेगळा ठेवा.

सर्पमित्रांबद्दल विचारलंत. साप सुरक्षित हाताळणं ही वेगळी कला आहे, संशोधनाची पात्रता म्हणून कुठेच धरत नाहीत, आणि परवानगीशिवाय केलेलं काम व्हिडिओत असेल तर तेच पुढे आड येतं. पण शिराळा-वाळव्याकडे फोनवर बोलावणी घेणारे जे लोक आहेत, त्यांच्याकडे नोंदवही असेल तर तिचं सोनं करता येतं. तारीख, वेळ, गाव, घर की शेत, जात, अंदाजे लांबी, कुठे सोडला, एवढे रकाने. साप सोडताना लांबच्या जंगलात नेऊन सोडू नका म्हणावं. अनोळखी जागेत तो भटकत राहतो आणि बऱ्याचदा मरतो.

आणि एक जिवाचं. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठी आहे. कोयना-चांदोलीत हिरवा चापडा आहे, त्याच्या विषावर ती काम करत नाही. रानात जाण्याआधी लस कुठल्या ग्रामीण रुग्णालयात आहे ते विचारून ठेवा, गमबूट घाला, एकटे जाऊ नका.

हेळवाककर:

सगळ्यांचे आभार. म्हणजे परवानगी येईपर्यंत हात न लावता करता येईल असं काही आहे का? कुंभार्ली घाटाचा रस्ता घराजवळून जातो.

चाळकेवाडी_वारा:

त्याच रस्त्यावर काम आहे. पाच किलोमीटरचा एक तुकडा ठरवा, तोच कायम ठेवा. आठवड्यातून दोनदा, उजाडताच, कावळे आणि सकाळच्या गाड्या यायच्या आत. उशीर झाला की लहान बेडकांचे नुसते डाग उरतात आणि मोजणी खोटी कमी येते. चालत जा, दुचाकीवरून छोटा बेडूक दिसत नाही. भडक जाकीट घाला आणि वळणांवर रस्त्याच्या आत थांबू नका. मेलेल्या प्रत्येक जिवाचा फोटो पट्टीसह, जीपीएस, रस्त्याची बाजू, शेजारी ओढा की कठडा की झाडी, आणि आदल्या रात्रीचा पाऊस. काही सापडलं नाही तरी त्या दिवसाची 'शून्य' अशी नोंद करायचीच. मेलेला प्राणी उचलून आणू नका. अनुसूचीतला वन्यप्राणी मेला तरी कलम ३९ प्रमाणे सरकारी मालमत्ता असतो. दोन पावसाळे झाले की नेमक्या कुठल्या मोरीजवळ बेडूक मरतात ते नकाशावर दिसेल, आणि तिथे गतिरोधक मागायला तुमच्याकडे आकडे असतील.

ओढ्यात उतरणार असाल तर बूट धुण्याची सवय आत्ताच लावा. उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांत कायट्रिड ही त्यांच्या कातडीला रोग लावणारी बुरशी सापडल्याचं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालंय. आधी ब्रशने चिखल पूर्ण काढायचा, कारण चिखल राहिला तर ब्लीचचा जोर तिथेच संपतो. मग ब्लीचच्या पाण्यात बूट १५ मिनिटं, आणि पुढच्या ओढ्याआधी कडक वाळवायचे. ब्लीचचं पाणी ओढ्यापासून लांब ओता.

जांभाखडक:

आवाजही नोंदवा, त्याला हात लावावा लागत नाही. वेव्ह फाईल, ४४.१ किलोहर्ट्झ, एमपी३ नको, त्यात आवाजाचे बारकावे कापले जातात. प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला तारीख, वेळ, जागा आणि हवेचं तापमान तोंडाने बोलून ठेवा. तापमान बदललं की बेडकाच्या हाकेचा वेग बदलतो, म्हणून तापमान नसलेली ध्वनिफीत दोन जाती वेगळ्या करायला कामाला येत नाही.

नवीन प्रजातीच्या मागे मात्र पहिल्याच वर्षी लागू नका. त्यासाठी परवानगीने घेतलेला नमुना लागतो, आणि जैविक विविधता अधिनियम २००२ च्या कलम ३९ प्रमाणे तो अधिकृत संग्रहालयात जमा करावा लागतो. पुढे मार्गदर्शकाबरोबर ते काम कराल तेव्हा क्रम लक्षात ठेवा: भुलीच्या औषधाने प्राणी पूर्ण मेला की आधी यकृताचा किंवा मांडीच्या स्नायूचा तुकडा ९५ टक्क्यांवरच्या इथेनॉलमध्ये, मग बाकी शरीर १० टक्के फॉर्मालिनमध्ये, नंतर धुऊन ७० टक्के इथेनॉलमध्ये. एकदा फॉर्मालिन लागलं की त्यातून चांगला डीएनए मिळणं अवघड. लेबल पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाकायचं, कारण बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते आणि बाहेर चिकटवलेला कागद पावसाळ्यात सुटतो.